सामींच्या तसबिरीतले डोळे

करंजाखालच्या सामींची, म्हणजे स्वामींची, पुण्यतिथी नक्षत्रावर असते, आणि नट चंद्रवदननची इंग्रजी तारखेवर. एकाच गल्लीत दोघांचा मान, पण दिवस कधी गाठ पडायचे नाहीत. यंदा पडले, आणि पेच्चियम्माळ धास्तावली.

तिचा नवरा इसक्की सिनेमाचे बोर्ड रंगवायचा. सामींना जाऊन बरीच वर्षं झाल्यावर मठवाल्यांनी त्याला तसबीर करायला सांगितली. सामींनी जन्मात फोटो काढू दिला नव्हता आणि इसक्कीने त्यांना पाहिलंही नव्हतं. पाहिलं होतं पेच्चीने, परकर नेसायच्या वयात.

"नाक बसकं, तोंडावर देवीचे व्रण, एक डोळा जरासा तिरका," तिने सांगितलं.

"अगं, अशा चेहऱ्यापुढे कापूर कोण लावील?" इसक्की म्हणाला, आणि हाताला सवयीचा होता तो चेहरा काढून मोकळा झाला. ऋषीच्या वेषातला चंद्रवदनन. खऱ्या सामींना पाहिलेली दोनचार म्हातारी माणसं उरली होती, पण त्यांना दिसत कुठे होतं. तसबीर मठात गेली, लोक रडले, आणि पहिला हार घालायचा मान चित्रकाराच्या घराला मिळाला. इसक्की गेल्यावर तो पेच्चीकडे आला. ती दरवर्षी हार घालायची आणि दरवर्षी मनात म्हणायची, सामी, रागावू नका.

त्या सकाळी ती कण्हेरीच्या हारांची टोपली कडेवर घेऊन गल्लीत शिरली. नदीवरचं धुकं अजून खाली उतरलेलं होतं. त्या धुक्यात मठाच्या अगदी समोर, चंद्रवदननच्या चाहत्यांचा पुढारी असलेल्या अरुळप्पन शिंप्याने नटाचा भलामोठा बोर्ड उभा करून भोंगे लावले होते. तीच दाढी, त्याच रुद्राक्षमाळा, तेच मोठाले डोळे. दारातून तसबीर बघत होती, रस्त्यावरून बोर्ड. पेच्चीला वाटलं, आता तसबीर उतरवणार, आणि माझ्या माणसाची गावभर नाचक्की होणार.

पुजारी सुडलैमुत्तू बाहेर आले. एकदा बोर्डाकडे बघितलं, एकदा मागे वळून तसबिरीकडे.

"काय रे शिंप्या," पुजारी म्हणाले, "हा तुझा नट सामींसारखा कसा दिसतो?"

"भूमिकेत शिरायचा तो. महिनाभर मीठ सोडलं होतं म्हणे."

"मीठ सोडून चेहरा येत असता तर माझी बायको कधीच देवी झाली असती." पुजाऱ्यांनी डोळे बारीक केले. "नाही, ही सामींचीच कृपा. त्याच्या अंगात उतरले असणार. ते भोंगे बंद कर, आणि त्याला आत आण. रस्त्यावर कशाला उभा केलास?"

"माझं काय जातंय?" अरुळप्पन म्हणाला. "पण प्रसादाच्या हरभऱ्यांचं सुंडल आमच्या माणसांनाही मिळायला हवं."

चार जणांनी बोर्ड आडवा करून आत नेला आणि तसबिरीशेजारी टेकवला. "आच्ची, दोघांना तुम्हीच घाला," कुणीतरी म्हणालं. म्हाताऱ्या बाईला तिकडे आच्चीच म्हणतात.

पेच्चीने पहिला हार नटाला घातला. तरुणपणी तिने त्याच्यासाठी पुष्कळ उसासे टाकले होते, तेवढं ती देणं लागत होती. मग तसबिरीकडे वळली. समोर पुन्हा तोच चेहरा. या एवढ्या वर्षांत सामींचा खरा चेहरा तिच्या मनातही पुसट होत चालला होता, हे तिचं तिलाच आत्ता कळलं. आठवणारी आता ती एकटीच. आपण विसरलो तर सामी कुठेच उरायचे नाहीत.

तिने डोळे मिटले. कापूर, ओली माती, कण्हेर. हळूहळू धुक्यातून करंजाचा बुंधा आला, मग गुळाचा खडा धरलेला हात, मग बसकं नाक. तिरका डोळा तिच्याकडेच बघत होता, आणि त्याला फार हसू येत होतं.

तिने तसाच, डोळे मिटून, हार घातला.

"आच्ची, हार वाकडा झालाय," पुजारी म्हणाले.

"असू दे," पेच्ची म्हणाली. "त्यांना तसाच बरा दिसतो."