हरणाच्या केसांचा बेडूक

हरणाचा केस आतून पोकळ असतो, म्हणून तो पाण्यावर तरंगतो, हे मला चाळिशी उलटल्यावर कॅनडात कळलं. त्याचा झुबका गळाच्या दांडीवर धरायचा, दोऱ्याचे दोन सैल वेढे द्यायचे आणि दोरा खेचायचा. केस एकदम चहूकडे पिंजारून उभे राहतात. ते बोटांनी मागे दाबून गच्च करायचे, पुढे आणखी एक झुबका, पुन्हा आणखी एक, आणि शेवटी ब्लेडने तासून त्यातून बेडूक काढायचा. इथल्या तळ्यांतला बास नावाचा मासा असला बेडूक खरा समजून खालून झडप घालतो. म्हणजे, बेडूक जमला तर. माझा पहिला बेडूक भांडी घासायच्या काथ्यासारखा दिसत होता.

असे बेडूक शिकवणारा क्लास आमच्या कम्युनिटी सेंटरच्या बेसमेंटमध्ये शनिवारी दुपारी भरायचा. मी तिथे पोहण्याच्या क्लासची चौकशी करायला गेले होते आणि दार उघडं दिसलं म्हणून आत डोकावले. चारपाच माणसं माना खाली घालून बसली होती. कुणी कुणाशी बोलत नव्हतं. एका रिटायर्ड इलेक्ट्रिशियन आजोबांनी नुसती खुर्ची पुढे सरकवली. मी बसले आणि कितीतरी वेळ मला कुणी काही विचारलंच नाही. मी वॉन गावातल्या एका वेअरहाऊसमध्ये डिस्पॅचला, म्हणजे ट्रक सोडायच्या टेबलावर बसते. दिवसभर ड्रायव्हर फोनवर माझ्या नावाने खडे फोडतात. त्यामुळे ती शांतता मला अशी काही चढली की पुढच्या शनिवारी पाय आपोआप तिकडे वळले.

अडचण एकच होती. शनिवार माझा नव्हता. सासरे गेल्यावर सासूबाई वसईहून आमच्याकडे राहायला आल्या. नवरा ट्रक चालवतो, महिन्यातले निम्मे दिवस घराबाहेर. सासूबाईंना इंग्रजी येत नाही, गाडी येत नाही, आणि बर्फात त्या दाराबाहेर पाऊल टाकत नाहीत. आठवडाभर खिडकीशी बसून त्या शनिवारची वाट बघायच्या. शनिवारी आम्ही दोघी चिनी ग्रोसरीत मासळी आणायला जायचो. तिथे त्या प्रत्येक माशाचे कल्ले उघडून बघायच्या आणि काउंटरवरच्या मुलाला अस्सल वसईच्या बोलीत झापायच्या. तोही हसून ताजा मासा काढून द्यायचा. मी त्यांचा तो शनिवार काढून घेतला.

“शनिवारीपण काम, बाय?” त्यांनी विचारलं.

“ओव्हरटाइम आहे, मम्मी. कंपल्सरी.”

कंपल्सरी म्हणायची काही गरज नव्हती, पण खोटं बोलायचं तर त्याला जरा वजन असावं, असं मला तेव्हा वाटलं असणार. खरं सांगितलं असतं तर त्या नाही म्हणाल्या नसत्या. उलट कौतुकाने सोबत आल्या असत्या, माझ्या शेजारी बसून बोलत राहिल्या असत्या. तेच मला नको होतं. हे लिहितानाही मला लाज वाटते.

हरणाचे केस कपड्यांना फार चिकटतात. एकदा सासूबाईंनी माझ्या स्वेटरवरून ते एकेक वेचून काढले आणि हातावर घेऊन उजेडात धरले. “हे कसले केस गो?”

“वेअरहाऊसमध्ये माल येतो ना, त्याचे.”

“छातीत जातील तुझ्या,” त्या म्हणाल्या आणि मला गरम पाणी आणून दिलं. मी ते प्याले.

थोड्याच दिवसांत राखेचा बुधवार आला, आम्हा ख्रिस्ती लोकांचा ईस्टरपर्यंतचा उपासकाळ सुरू झाला. सासूबाईंनी मासे सोडले. मटण सोडणारे पुष्कळ असतात, पण सासूबाईंनी मासे सोडणं म्हणजे खायचाच विषय संपला. मला वाटलं, वय झालंय, भक्ती वाढली असेल. ईस्टरला मी हौसेने पापलेट तळलं आणि त्यांच्या ताटात वाढलं. त्यांनी ताट हळूच बाजूला सरकवलं.

“माझा नवस आहे, बाय. मरियामातेला सांगितलंय, माझ्या सुनेचा ओव्हरटाइम थांबेपर्यंत मासळीला शिवणार नाही. रोज रोझरी म्हणते मी तुझ्यासाठी.”

आता तरी सांगायचं की नाही? किमान ‘ओव्हरटाइम संपला’ एवढं तरी? पण क्लासच्या आजोबांनी सांगून ठेवलं होतं की बास पकडायचा सीझन उघडला की सगळ्यांनी तळ्यावर जायचं, आपापला बेडूक घेऊन. माझा बेडूक अजून पाण्यात एका कुशीवर कलंडत होता. सीझनपर्यंत थांबू, मग सांगू, असं मी ठरवलं. पुढचे शनिवार मी तशीच जात राहिले. घरी परतले की सासूबाई वरणभात आणि भोपळ्याची भाजी जेवताना दिसायच्या, आणि माझ्यासाठी मात्र कोळंबीचं कालवण केलेलं असायचं. दमून येते म्हणून.

मे महिन्यात नवरा लांबच्या फेरीवरून आला. मी कुठे जाते हे त्याला ठाऊक होतं, नवसाचं ठाऊक नव्हतं. जेवताना त्याने आईच्या ताटात मासा वाढायला घेतला. तिने हात आडवा धरून कारण सांगितलं, आणि तो खो खो हसत सुटला.

“कसला ओव्हरटाइम? अगं, ती क्लासला जाते. हरणाच्या केसांचे बेडूक बनवते. दाखव ना गं तिला, व्हॉट्स द बिग डील?”

मी पर्समधून बेडूक काढून टेबलावर ठेवला. आता बोलणी खावी लागणार म्हणून मी मान खाली घातली. सासूबाईंनी बेडूक तळव्यावर घेतला, उलटसुलट करून पाहिला, त्याच्या पाठीवरून बोट फिरवलं.

“तू केलास? तुला आवडतं हे?”

मी मान डोलावली.

“आणि मी रोज मरियामातेजवळ रडत होते,” त्या म्हणाल्या, “हे बंद कर म्हणून.” त्यांचा चेहरा इतका उतरला की नवऱ्याचं हसू जागच्या जागी थांबलं. “माझ्या हातून पाप झालं, बाय.”

“पाप कसलं मम्मी? खोटं तर मी बोलले.” मी पुन्हा पुन्हा तेच सांगत राहिले. त्यांनी माझा हात थोपटला. मी त्यांची समजूत घालतेय, असंच त्यांना वाटत होतं.

रविवारी चर्चमध्ये मराठी मिस्सा होती. महिन्यातून एकदाच मराठी फादर येतात, म्हणून त्या मला घाई करून लवकर घेऊन गेल्या. आत गेल्यावर त्यांनी पर्स माझ्या मांडीवर ठेवली आणि डोक्यावरचा स्कार्फ सारखा केला. मी बाकावर बसून राहिले, आणि सासूबाई पाप कबूल करायला कन्फेशनच्या रांगेत जाऊन उभ्या राहिल्या.