कब्जा कुणाचा, बाई कुणाची

रोह्याकडच्या खांब गावाच्या वरच्या अंगाला माझ्या मामांचा एक माळ आहे. आहे म्हणजे सातबाऱ्यावर आहे. मामांचं पेणला हार्डवेअरचं दुकान. त्या माळावर त्यांनी किंवा त्यांच्या वडिलांनी कधी फावडं मारल्याचं कोणाच्या ऐकिवात नाही. माझा त्या जमिनीत वाटा नाही, मी भाचा. माझ्याकडे गाडी आहे, म्हणून मामांच्या मालकी हक्काची ने-आण मी करतो.

माळाच्या कडेला, रस्त्यालगत, एका कातकरी बाईची झोपडी होती. तिच्याआधी तिथे तिची सासू राहायची. ही बाई पावसाळ्यात खालच्या गावात लावणीला जायची, हिवाळ्यात माळाच्या सखल तुकड्यात वाल पेरायची, आणि वणवा आला की ओल्या डहाळ्या घेऊन तो झोडपायची. मामांना ती दरसाल पिशवीभर वाल द्यायची. त्या पिशवीच्या जोरावर मामा दुकानात सांगत, "खांबला आपली शेती आहे. राखणीला माणूस बसवलंय." कधी बसवलं, कोणी बसवलं, हे कोणी विचारत नसे.

मग रोह्याच्या एका पुढाऱ्याची नजर माळावर गेली. हा गृहस्थ स्वतःच्या वाढदिवसाचे फलक लावतो, आणि खाली शुभेच्छुक म्हणून जी पन्नास तोंडं असतात त्यांचेही पैसे स्वतःच भरतो. त्याने आधी माळावर ट्रॅक्टर उभा केला. ट्रॅक्टरला ऊन लागतं म्हणून पत्र्याची शेड आली. शेडीत चोरी होईल म्हणून तारेचं कुंपण आलं, कुंपणाला फाटक आलं आणि फाटकावर सिमेंटचे दोन सिंह. सिंह आल्यावर जमीन कोणाची, असं विचारणं गावात उद्धटपणाचं ठरतं.

मामांनी तरी का विचारलं नाही? कारण पुढारी त्यांना दर हिवाळ्यात पोपटीला बोलवायचा. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा, मीठ-ओवा, मध्ये कोंबडी, आणि वरून पेंढ्याचा जाळ. मडकं भरायची बाई, शेंगाही तिनेच पेरलेल्या. पुढारी फक्त फोटोत असायचा. आम्ही प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसून खायचो आणि निघताना मामा म्हणायचे, "जागा छान ठेवलीत हो भाऊ! असंच बोलवत जा." ज्याचं खाल्लं त्याला चार बरे शब्द बोलायचे, अशी आमच्याकडची रीत. ती आम्ही आमच्याच जमिनीवर, परक्याला, वर्षानुवर्षं पाळली.

हायवेकडच्या जमिनींचे भाव चढले, तेव्हा मामांना मालकी आठवली. त्यांनी नोटीस पाठवली. पुढाऱ्याच्या वकिलाचं उत्तर आलं: आमच्या अशिलाचा कब्जा बारा वर्षांहून अधिक, अखंड, उघड आणि मूळ मालकाच्या डोळ्यांदेखत आहे. मूळ मालक दरसाल पाहुणे म्हणून आले, जेवले, आभार मानून गेले. सोबत फोटो. एका फोटोत मामा कोंबडीची तंगडी धरून इतके तृप्त दिसतात, की मी न्यायाधीश असतो तर मीही निकाल त्यांच्या विरुद्ध दिला असता.

शेवटी एक वाक्य होतं. आमचे अशील ही जमीन आपल्या बाईमाणसाकरवी कसतात.

"त्याची?" मामा ओरडले. "बाई आपली आहे! गाडी काढ."

वाटेत कोलाडला थांबून त्यांनी लुगडं घेतलं. बाई झोपडीपुढे शेंगा सोलत बसली होती. मामांनी लुगडं पुढे केलं तशी ती हसली.

"काल रोह्याच्या शेटनी बी आनलान. त्याचा हिरवा हाय, तुमचा तांबडा."

"तो काय म्हणाला गो?"

"सांग म्हनला, मी तुला बसवली. तुमी काय म्हनताव?"

मामा खाकरले. "हेच. म्हणजे, आम्ही बसवली. तुझ्या सासूपासून."

"माजी सासू हितं जल्मली, दादा. तिला कोन बसवनार?" ती शेंगा सोलत राहिली. "दोन्ही लुगडी ठेवते. माजा घर ऱ्हायला म्हंजी झाला. कोनाची हाय ते तुमी ठरवा."

परतताना मी म्हटलं, "मामा, सगळ्यात जुना कब्जा तिचाच दिसतो."

"तिच्या डोक्यात हे भरवू नकोस," मामा म्हणाले. हे मात्र त्यांनी अगदी शांतपणे सांगितलं.

कोर्टात दोन-तीन तारखा पडल्या आणि दोघांच्याही लक्षात आलं की निकाल नातवंडांना मिळेल. तेवढ्यात पनवेलचा एक प्लॉटवाला आला. त्याला जमीन मोकळी हवी होती. कालपर्यंत एकमेकांना दरोडेखोर म्हणणाऱ्या माणसांनी निम्मं-निम्मं ठरवलं आणि गळाभेट घेतली. तडजोडीची पोपटी माळावरच झाली. मडकं भरायला बाईलाच बोलावलं.

कोंबडीवर ताव मारता मारता प्लॉटवाल्याने झोपडीकडे बोट केलं. "ते?"

"ते काकांचं," पुढारी मामांकडे बघत म्हणाला. "काकांचं माणूस. काका हलवतील."

"छे, छे," मामा म्हणाले. "भाऊ, तुमच्या वकिलाने लिहून दिलंय, बाई तुमची."

"वकील काय वाटेल ते लिहितो. सासूपासून तुम्हीच बसवलीत ना?"

"आम्ही? ती सासू तिथेच जन्मली म्हणे!"

मामांच्या तोंडून हे सत्य पहिल्यांदा बाहेर पडलं, ते असं. माझ्या हातातली शेंग मी पानावर ठेवून दिली. जळत्या पेंढ्यापाशी उभी राहून बाई ऐकत होती.

"दोघांची बी नाय ना आता?" ती म्हणाली. "मंग मी कशाला हालू?"

सगळे हसले. प्लॉटवाला सगळ्यात मोठ्याने.

निघताना मी मामांना बाजूला घेतलं. म्हटलं, झोपडीखालची तेवढी जागा तिच्या नावावर करून द्या. एवढ्या माळात कळणारही नाही.

"अरे, प्लॉटिंगचा रस्ता तिथूनच काढायचाय," मामा म्हणाले. मी सिंहांच्या तोंडात हात घालायला सांगितलं असावं, अशा नजरेने त्यांनी पाहिलं.

बाई कोणाची, हे शेवटपर्यंत ठरलं नाही. त्याची गरजही पडली नाही. जेसीबीचं भाडं दोघांनी निम्मं-निम्मं भरलं. बाईने भांडी, कोंबड्या, पत्रे आणि दोन्ही लुगडी आधीच बाहेर काढून ठेवली होती. जेसीबी गेल्यावर तिने तेच पत्रे कुंपण आणि डांबरी रस्ता यांच्यामधल्या पट्टीत उभे केले. ती पट्टी सरकारी आहे.

परवा मामांचा फोन आला. "तिच्या खोपटामुळे प्लॉटचा दर्शनी भाग जातो रे. भाऊ आणि मी दोघं मिळून अर्ज देतोय. गाडी काढशील का?"

"कसला अर्ज?"

"अतिक्रमणाचा," मामा म्हणाले. "सरकारी जागा बळकावलीय तिने. यांना कायद्याची भीतीच नाही."

गाडी गॅरेजला आहे, असं मी सांगितलं. ते पुढाऱ्याच्या गाडीतून गेले.