स्क्रीनवर सगळं ठीक होतं
दूध नासल्याचा वास आला की मला मिरजगावजवळचं ते दूध शीतकरण केंद्र आठवतं. टाकीतला गारवा कमी झाला की तिथलं यंत्र नगरच्या आमच्या ऑफिसला इशारा पाठवायचं; त्या दिवशी इशारा आलाच नाही आणि सगळं दूध नासलं. कारण शोधायला मला पाठवलं. बाहेरच्या चरातून दूध वाहत होतं, त्यावर माश्या घोंघावत होत्या. टाकी सांभाळणाऱ्या बाईंना सकाळीच कामावरून काढलं होतं, तरी त्या टाकी घासत होत्या. तपासलं तर यंत्रानं इशाऱ्यांवर इशारे पाठवले होते. पण वीज जाऊन त्याचं घड्याळ मागे पडलं होतं, आणि वेळ जुळेना म्हणून आमच्या सर्व्हरनं सुरक्षेच्या नियमानं प्रत्येक इशारा खोटा ठरवून टाकून दिला होता. स्क्रीनवर आदल्या दिवशीचंच तापमान दिसत राहिलं. मी बाईंना म्हटलं, "यंत्र सांगत होतं, आमच्याकडे ते खरं धरलं गेलं नाही." हात न थांबवता त्या म्हणाल्या, "मी बी फोन करून सांगत हुते, सायेब. तुमची मानसं म्हनली, स्क्रीनवर समदं ठीक हाय." घड्याळ लावून मी निघालो, त्यांना कुणी परत बोलावलं नाही. आता गावाकडून तक्रारीचा फोन आला की मी आधी स्क्रीनकडे पाठ करतो, मग ऐकतो.