मागची पंगत

भागिरथाबाई तायडेला गावात सगळे वचकून असत. समोर सरपंच असो की तलाठी, चार माणसांत तोंडावर बोलायची, आणि वर पुन्हा "मी खोटं बोलतो काय?" असं विचारायची. हो म्हणायची छाती कोणाची होती? अशा फटकळ बाईच्या हाती गावानं पाळणाघर दिलं तेव्हा पारावर बरीच थट्टा झाली. पण लेकरांशी बोलताना तिचा आवाजच वेगळा लागायचा, हे थट्टा करणाऱ्यांनाही ठाऊक होतं.

गाव किन्हीराजाच्या अलीकडचं. सोयाबीन कापायच्या, सोंगायच्या दिवसांत बाया दिवस उगवायच्या सुमारास वावरात जातात. अंगणवाडी दुपारीच सुटते, मग लेकरं बांधावर, धुऱ्यावर झोपवायची आणि एक डोळा विळ्यावर, एक लेकरावर ठेवायचा. दोन वर्षांपूर्वी असंच एक पोर रांगत विहिरीपर्यंत गेलं. वाचलं, पण गाव हादरलं. तेव्हा कुठे सगळ्यांनी मिळून काहीतरी करायचं ठरवलं. विहाराच्या कमिटीनं मागची खोली दिली. शेतकऱ्यांनी डाळ-तांदूळ कबूल केले. बौद्धवाड्यातल्या बचत गटाच्या बायांनी स्वयंपाकाच्या पाळ्या लावून घेतल्या. वाशीमच्या एका संस्थेनं चटया आणि खेळणी दिली. आणि गावापासून दोन किलोमीटरवरच्या बंजारा तांड्याकडे द्यायला डाळ नव्हती, म्हणून तांड्यानं सरपण द्यायचं ठरलं. त्यांनी ते एक दिवसही न चुकता दिलं. एवढंच नाही, बौद्धवाड्यातल्या बायांच्या हातचं नातवंडांनी खावं की नाही यावर तांड्यातल्या म्हाताऱ्या आठ दिवस कुरकुरल्या, आणि शेवटी त्यांच्यातलीच हिरीबाई म्हणाली, "खाऊ द्या, पोट्टे हायत." ही काही लहान गोष्ट नव्हती.

भागिरथाबाईची निवड वाशीमच्या शिबिरात झाली. तिथे त्या संस्थेच्या मंजुषाताई नावाच्या कार्यकर्तीनं प्रत्येकीला लहानपणची एक आठवण सांगायला लावली. भागिरथाबाईनं शाळेतली सांगितली. आमची बौद्धवाड्यातली पोरं दाराजवळ बसायची, पाणी वरून ओंजळीत ओतायचे, आणि ओतणाऱ्याची मर्जी नसली तर तहानलेलंच घरी यायचं. सांगता सांगता ती रडली, ऐकणाऱ्याही रडल्या. या बाईच्या हाती लेकरं सुखरूप राहतील, असं मंजुषाताईनं तेव्हाच ठरवलं.

सगळं नीट चाललं होतं. मग एके दिवशी वच्छला आली. पाळणाघराला सगळ्यात जास्त डाळ हिच्या घरची.

"बाई, माह्या नातवाच्या डोक्यात उवा झाल्या. थ्या तांड्यातल्या पोट्ट्याईच्या मांडीले मांडी लावून बसते तो. असंच चालन तं आमची डाळ आमी घरीच ठेवू."

उवा काय तांड्याचं नाव विचारून डोक्यात शिरतात? गावातल्या निम्म्या पोरांच्या डोक्यात त्या होत्याच. हे भागिरथाबाईनं तिथल्या तिथे सुनावायला हवं होतं. सरपंचाला सुनावणारी बाई ती! पण तिच्या डोळ्यांपुढे डाळीचा रिकामा डबा आला. ती म्हणाली, "दोन पंगती करू. गावातले आधी, तांड्यातले मागून. तसे बी ते लांबून येतात."

लांबून येत होते हे खरं. पण रोज सगळ्यांच्या आधी येत होते. तांड्यातली देवला आपली दोन्ही लेकरं, पाच वर्षांची रुचिका आणि अडीच वर्षांचा बादल, खोलीचं कुलूप निघायच्या आतच पायरीवर आणून बसवायची.

लेकरांना कोणी समजावून सांगितलं नाही. तांड्यातली सहा जणं दोन दिवसांत आपणहून भिंतीला टेकून उभी राहायला लागली. गडबड नाही, रडणं नाही. भागिरथाबाईला तर ते सोयीचंच वाटलं.

दिवाळीच्या तोंडावर मंजुषाताई दुसऱ्या गावच्या पाचसहा बायांना पाळणाघर दाखवायला घेऊन आली. त्या दिवशी भागिरथाबाईनं एकच लांब पंगत मांडली. तिला तसं कोणी सांगितलं नव्हतं. म्हणजे आपण काय करतोय हे तिला पुरतं कळत होतं. न कळून काहीच झालेलं नव्हतं.

"चला रे, बसा सारे!" तिनं हाक दिली.

गावातली पोरं बसली. बादल ताटाकडे धावला, तोच रुचिकानं त्याचा हात धरून त्याला मागे ओढलं. मोठ्या बहिणीच्या समजुतीनं, सगळ्यांना ऐकू जाईल असं ती त्याला म्हणाली, "आपली पंगत मागून हाय ना रे. येड्या, आता नाई बसाचं."

मंजुषाताईनं भागिरथाबाईकडे पाहिलं.

"लांबून येतात न ताई ते," भागिरथाबाई म्हणाली. "उशीर होते त्याईले. म्हणून मागून बसतात."

मी खोटं बोलतो काय, हे त्या दिवशी तिनं विचारलं नाही. मंजुषाताईनं बादलला उचलून स्वतःजवळ बसवून घेतलं. पाहुण्या बायांनी ताटं भरली तेव्हा भागिरथाबाईची मान वर होत नव्हती. लाज वाटली, आणि ती पाहुण्यांची नव्हती. पाच वर्षांच्या पोरीला आपण हे शिकवलं, आणि पोरीनं ते धाकट्याला शिकवलं, याची होती. शाळेत वरून पाणी ओतणारा तो माणूसही गरीबच होता आणि तोही कोणाला तरी भीत असेल, हे तिला साठी जवळ आल्यावर त्या दिवशी पहिल्यांदा सुचलं, आणि स्वतःचा आणखीच राग आला.

दुसऱ्या दिवशी रविवार. ती तांड्यावर गेली.

देवला ऊसतोडीला निघायची तयारी करत होती. दिवाळी झाली की ट्रक येणार होता. दरसाल लेकरंही ट्रकात जायची. गेल्या साली बादल उसाच्या फडात तापानं फणफणला आणि कसाबसा वाचला. यंदा पाळणाघर होतं म्हणून देवलानं दोघांनाही सासूजवळ, हिरीबाईजवळ, ठेवायचं ठरवलं होतं. जमिनीवर कपड्यांचे दोन ढीग होते, एक न्यायचा, एक लेकरांचा राहायचा.

"या बाई, बसा," देवलाचा चेहरा उजळला. "तुमच्याच भरोशावर ठेवून चालली पोट्टे. पाच महिने. यंदा मले घोर नाई."

भागिरथाबाई बसली. उद्यापासून एकच पंगत मांडली तर झालं. बोलायची गरज काय, असं तिच्या मनात येऊन गेलं. बोललं नाही तर लेकरं इथे राहतील, दोन घास सुखाचे खातील. मनाला हे पटतही होतं.

"रुचिका मले सांगे," देवला घड्या घालता घालता म्हणाली, "याडी, तिथं आपला नंबर मागून हाय. म्या म्हटलं, नियम असन माय. शिकलेल्या लोकायनं इचार करूनच केला असन."

आता गप्प बसणं भागिरथाबाईला जमलं नाही.

"नियम नोता, देवला. म्याच केलं. एकीनं उवांचं कारण सांगितलं, डाळ बंद करतो म्हणली, अन् म्या तुमच्या लेकराईले मांगं उभं केलं. तुमी सगळ्याईच्या आधी येत होते, तरी बी."

देवलाचे हात थांबले. भागिरथाबाईला वाटलं, आता ही शिव्या देईल, घराबाहेर काढेल. तसं झालं असतं तर बरं झालं असतं. देवलानं फक्त विचारलं, "बाई, मांगच्या पंगतीले वरण पुरे का?"

याचं उत्तर भागिरथाबाईनं स्वतःलाही कधी दिलं नव्हतं.

"कधी पुरे," ती म्हणाली. "कधी पाणी टाका लागे."

देवलानं राहायच्या ढिगातला बादलचा स्वेटर उचलला आणि न्यायच्या कपड्यांत ठेवला. त्याच्यावर रुचिकाचा झगा, मग दोघांच्या टोप्या. राहायचा ढीग संपला.

"देवला, उद्यापासून एकच पंगत राहीन वं. माह्या नातवंडाईची आण," भागिरथाबाई म्हणाली.

"राहीन, बाई," देवला म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. "दुसऱ्याईच्या लेकराईले व्हईन."

बोचकं आता मोठं झालं होतं आणि एकटीच्यानं त्याची गाठ बसेना. भागिरथाबाई पुढे सरकली आणि तिनं दुसरं टोक धरलं.