आवाज सांगते

मला मदत केली ती मशीनवाल्या इंजिनीयर ताईनं. नाव विचारायचं राहून गेलं. उरला नावाच्या कारखान्यांच्या वस्तीत लोखंडकाम करताना माझा खांदा धरला होता. हातच गेला तर गावी काय तोंड दाखवू, ही धास्ती. तेलीबांध्याच्या दवाखान्यात ती आवाजानं अंगाच्या आतलं बघायचं आणि त्याच आवाजानं दुखरा भाग शेकायचा, यावर संशोधन करत होती. खांद्याला लावायचं थंड जेल आधी स्वतःच्या तळहातावर ऊन करी.

मी म्हटलं, "मले तं काही ऐकू येऊन नाही राहिलं."

"लोखंडातली चीर कशी ओळखता, भैया?"

"ठोकून. आवाज सांगते."

"मग आपलं काम एकच."

सातवीत शाळा सुटलेल्या मला असं कोणी म्हटलं नव्हतं.

आता हात वर जातो. तिचं मशीन डुगडुगत्या स्टुलावर होतं, स्टुलाच्या एका पायाखाली कागदाची घडी. तिला लोखंडी स्टँड मी कधीतरी करून देईनच, चारही पाय ठोकून, आवाज ऐकून.