नाथाची हजेरी

दापोडीच्या ख्रिस्ती मंडळीत देवाच्या खालोखाल लोक कुणाला भीत असतील तर ते कौशल्याबाई भिंगारदिवे यांना. बाई अंगानं काडी, पण बोलण्यात खमक्या. मूळच्या नगरकडच्या. नवरा पिंपरीच्या एका कंपनीत लागला म्हणून चौसष्ट साली इकडे आल्या, दोन वर्षांत तो आजारपणात गेला, आणि बाई शिवणाचं मशीन घेऊन रेल्वेलाईनलगतच्या चाळीत एकट्या राहिल्या. माहेरी जायचं नाव त्यांनी काढलं नाही. तिथं तरी काय ठेवलंय, म्हणायच्या, तिथंही मशीनच चालवायचं.

इथल्या देवळात पहिल्यांदा उपासनेला आल्या तेव्हाच त्यांच्या डोळ्यांत एक गोष्ट खुपली. नाथा साळवे नावाचं एक लहान पोर व्हरांड्यात चपलांच्या ढिगाशेजारी पोत्यावर बसवलेलं होतं. पायांत जोर नाही, मान धरवत नाही. त्याची आई त्याला तिथं ठेवून आत गीत म्हणत होती. शेजारी गावातला आबाजी. वयानं बाप्या, बुद्धीनं सहा वर्षांचा. तो काही मंडळीतला नव्हता, जुन्या शेतकरी घरातला होता, पण पेटीचा सूर ऐकला की यायचा आणि लोकांच्या चपला जोडीनं लावत बसायचा. उपासना संपल्यावर बाईंनी पाळकसाहेबांना गाठलं आणि म्हणाल्या, "जिथं चपला आणि लेकरं एकाच जागी ठेवतात, तिथं माझ्या गळ्यातून गीत निघायचं नाही." पाळकसाहेबांनी कपाळाचा घाम पुसला आणि मंडळीच्या वडिलांकडे, म्हणजे कारभार पाहणाऱ्या पंच अण्णासाहेबांकडे, बोट दाखवलं.

अण्णासाहेब कंपनीत स्टोअरकीपर. शिस्तीचे, कडक, पण काळजाचे वाईट नव्हेत. देवळामागची पडकी शेड त्यांनी बाईंना रविवारच्या दुपारपुरती दिली आणि वर कंपनीत आलेल्या मशिनरीची देवदारी खोकी मिळवून त्यांच्या फळ्यांचं एक लांबच लांब मेज ठोकून घेतलं. या टोकाला टिचकी मारली तर त्या टोकाला कळावी असं ते मेज. त्याच्यापाशी बाईंची शब्बाथशाळा, म्हणजे रविवारची धर्मशाळा, भरू लागली. धडधाकट पोरं आणि ही पोरं एकाच बाकावर, एकाला एक लागून. वेगळी रांग नाही. आबाजी आत आला. बहिरामुका अर्जुन आला. गॅरेजवाल्या रहिमानची आंधळी शहाजादी आली. रहिमाननं आधीच बजावलं होतं की पोर गोष्टी ऐकेल, गाणी म्हणेल, पण तिच्या डोक्यावर बाप्तिस्म्याचं पाणीबिणी नको. बाई म्हणाल्या, पाणी फक्त प्यायला देईन, तेही मागितलं तर.

हजेरी नावानं घेऊन चालणार नव्हतं. अर्जुनला ऐकू येत नाही, नाथाला बोलता येत नाही. मग बाईंनी टकटक शोधून काढली. ज्यानं त्यानं आपली टकटक ठरवायची आणि बाकावरच्या क्रमानं फळीवर वाजवायची. शहाजादी ऐकून ओळखी, अर्जुन तळवा फळीवर ठेवून. आबाजी अख्खा पंजा आपटायचा, मेजावरच्या पाट्या नाचायच्या. नाथाची टकटक सगळ्यांत हळू: नखानं तीनदा, मग थोडं थांबून एकदा. शेवटची ती एक यायला इतका वेळ लागायचा की सगळं मेज श्वास धरून बसायचं.

बाईंचे नियम दोनच. एक, जागा कुणी बदलायची नाही, कारण शहाजादीचं जग जागेवर चालतं. दुसरा त्यांनी शास्त्रातल्या एका गोष्टीतून काढला होता. खाटेवरच्या लुळ्या माणसाला चौघा मित्रांनी छप्पर उघडून खाली प्रभूपुढं सोडलं, ती गोष्ट. त्या माणसानं स्वतः काही मागितलं नव्हतं, मागितलं ते त्या चौघांनी, आणि तेवढ्यावर त्याचं भलं झालं. म्हणून ज्याला उत्तर देता येत नाही, त्याचं उत्तर शेजाऱ्यानं द्यायचं. हे बाईंनी इतक्या वेळा सांगितलं होतं की आबाजीसुद्धा ते झोपेत बरळायचा, असं त्याची आई सोजराबाई सांगायची.

त्र्याहत्तरच्या थंडीत नाथा गेला. छाती भरली आणि दोन दिवसांत कारभार आटोपला. बाईंनी त्याचा शेवटचा सदरा स्वतः शिवला, आणि शिवताना रडल्या नाहीत, म्हणून नंतर कितीतरी दिवस त्यांना स्वतःचा राग येत राहिला.

पुढच्या रविवारी शाळा भरली. नाथाची जागा तशीच मोकळी राहिली, कारण नियम तो नियम. बाकाच्या डावीकडून टकटक सुरू झाली. आबाजीचा पंजा पडला. त्यानंतर नाथा, आणि मग शहाजादी, असा क्रम होता. शहाजादी लगेच वाजवेल असं बाईंना वाटलं. तिनं वाजवलं नाही. ती थांबली होती, मान किंचित तिरकी करून, दर वेळी थांबायची तशी.

आणि नखाचा आवाज आला. तीनदा. मग थोडं थांबून एकदा.

अर्जुननं तळवा फळीवर ठेवून मान हलवली, जशी तो प्रत्येकाच्या हजेरीला हलवायचा. शहाजादी मोकळ्या जागेकडे वळून पुटपुटली, "सरक ना रे, कोपर लागतंय." मग तिनं आपली टकटक दिली. बाईंच्या हातातला खडू खाली पडला. आगगाडी गेली असेल, त्यांनी मनाला समजावलं, फळी हादरली असेल. पण गाडी गेली नव्हती.

दुसऱ्या रविवारी तेच. तिसऱ्याही. धडधाकट पोरांनी घरी जाऊन सांगितलं आणि बघता बघता राईचा पर्वत झाला. कुणी म्हणे शेडमध्ये पोराचं पाऊल उमटतं, कुणी म्हणे बाईंनीच त्याला धरून ठेवलंय. दोन घरांनी मुलं पाठवणं बंद केलं. बाई दुपारी लवकर येऊन एकट्याच नाथाच्या जागेवर बसू लागल्या. तिथं देवदाराच्या मऊ लाकडात त्याच्या नखाची बारीक खाच पडली होती. त्या खाचेवर बोट ठेवलं की बाईंना भीती वाटायची, आणि त्याहून वाईट म्हणजे बरंही वाटायचं. उघड्या दारातून ऊन आत यायचं, बाहेर कावळाही ओरडत नसायचा, आणि शेजारच्या जागेवर कुणीतरी बसून वाट पाहतंय असं वाटून त्या उठायच्या.

अखेर एका रविवारी बाई पुढं न उभं राहता बाकाच्या मागं जाऊन उभ्या राहिल्या. आबाजीचा उजवा पंजा फळीवर पडला. डावा मात्र फळीच्या खाली होता. आणि त्या डाव्या हाताच्या अंगठ्याचं नख खालून लाकडावर उमटलं. तीनदा, थांबून एकदा. हुबेहूब. आबाजीसारख्या धसमुसळ्या माणसाच्या हातात ती हळुवार टकटक आली कुठून, हेच बाईंना उमगेना. आता सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. उलट नाथा आज दुसऱ्यांदा गेला असं त्यांना वाटलं.

पोरं गेल्यावर बाईंनी त्याला विचारलं. आबाजी लपवाछपवीतला नव्हताच. पावसाळ्यापासून नाथाचं बोट उचलत नव्हतं, तेव्हापासून तोच देत होता. म्हणजे कितीतरी महिने बाई ज्याला नाथाची हजेरी समजत होत्या ती आबाजीची होती, आणि त्यांना ते कळलंही नव्हतं.

"पण आता नाथा नाही ना, आबाजी," बाई म्हणाल्या.

"म्हणूनच तर बाई," आबाजी म्हणाला. "आता त्याला मुळीच येत न्हाई."

बाईंनी हे कुणाला सांगितलं नाही, आणि तिथंच गणित चुकलं. भाकरी तव्यावर राहिली की करपते, तशी गोष्टही नको तितका वेळ झाकून ठेवली की करपते.

पुनरुत्थानाच्या सणाला, म्हणजे ईस्टरला, पहाटे सगळी मंडळी दफनभूमीत जमते. कबरींना चुना दिलेला असतो, मेणबत्त्या लावतात, उजाडता उजाडता गीत म्हणतात. गीताचा आवाज ऐकून आबाजीही आला. गीत संपलं, सगळीकडे शांत झालं, आणि त्या शांततेत नखाचा आवाज आला. आबाजी नाथाच्या कबरीपाशी उकिडवा बसून सिमेंटच्या क्रुसावर वाजवत होता. वाजवून झाल्यावर त्यानं क्रुसाला कान लावला. बराच वेळ लावून ठेवला. मग नाथाच्या आईकडे पाहून तो हसला आणि म्हणाला, "हाय. आतच हाय."

नाथाची आई जागच्या जागी बसली. एका बाईनं पोराचे डोळे झाकले. दुपारपर्यंत सगळ्या दापोडीत झालं की मेलेलं पोर आबाजीच्या अंगात शिरलंय. सोजराबाई बाईंच्या दारात येऊन उभी राहिली. भावकी म्हणत होती की देवऋषाकडं न्या, न्हाईतर साखळीनं बांधून घाला. "बाई, आजवर कुणी त्याला येडा म्हणालं, मी ऐकून घेतलं," ती म्हणाली. "आता भूत म्हणत्यात. तुमी कायतरी करा. तुमच्याबिगर त्याला आत कुणी घेतलं न्हाई."

संध्याकाळी अण्णासाहेब आले. खुर्चीवर बसले नाहीत. बाईंनी त्यांना खरं काय ते सांगितलं. त्यांचा विश्वास बसला, पण त्यानं फरक पडला नाही. आबाजी वाजवतो हे सांगून लोकांची भीती जाणार नव्हती, ती आबाजीकडे वळली होती. मंडळीचं नाव त्यांना सांभाळायचं होतं. अलीकडे उजवा हात कोटाच्या खिशात घालून बोलायची त्यांना सवय लागली होती, तसे उभे राहून ते म्हणाले, "येत्या रविवारी मी स्वतः येऊन बसतो. ती टकटक पुन्हा झाली, तर शेडची किल्ली मला द्या, बाई. पोरं आपापल्या घरी."

घरी म्हणजे कुठं, ते बाईंना ठाऊक होतं. व्हरांड्यात, चपलांजवळ. आबाजी तर साखळीला.

म्हणून त्या सोजराबाईच्या घरी गेल्या आणि ज्या तोंडानं नियम शिकवला होता त्याच तोंडानं त्यांनी आबाजीला तो मोडायला सांगितला. रविवारी दोन्ही हात मांडीवर ठेवायचे. फक्त आपली टकटक द्यायची. आबाजी ऐकत राहिला. "व्हय" म्हणाला. बाई उंबऱ्यापर्यंत आल्या तेव्हा त्यानं मागून विचारलं, "मग त्याचं कोण देणार?" बाईंनी मागं वळून पाहिलं नाही. रस्ताभर त्या रडत गेल्या आणि कुणी पाहतंय याची त्यांना पर्वा वाटली नाही.

रविवारी शेडबाहेर माणसं जमली होती. अण्णासाहेब आत आले. बाकावर जागा एकच होती. क्षणभर ते थबकले, मग आबाजी आणि शहाजादीच्या मधे, नाथाच्या जागेवर, गुडघे आखडून बसले. बसताना तोल जाऊ नये म्हणून त्यांना उजवा हात खिशातून काढून फळीवर टेकावा लागला.

हजेरी सुरू झाली. डावीकडून टकटक सरकत आली. आबाजीनं पंजा आपटला आणि सांगितल्याप्रमाणे दोन्ही हात मांडीवर घेऊन घट्ट एकमेकांत अडकवले. शहाजादी मान तिरकी करून थांबली. अर्जुनचा तळवा फळीवर होता. बाहेरच्या माणसांनीही बोलणं थांबवलं. बाई मनात म्हणत होत्या, नको. आणि त्याच वेळी, हेही खरं, म्हणत होत्या, ये.

नखाचा आवाज आला. तीनदा. मग थोडं थांबून एकदा.

सगळ्यांची नजर आबाजीच्या हातांवर गेली. ते मांडीवरच होते. मग बाईंनी पाहिलं. आवाज अण्णासाहेबांच्या हाताखालून आला होता. त्यांचं बोट बरोबर त्या खाचेत होतं. ते स्वतः आपल्या हाताकडे परक्याच्या हाताकडे पाहावं तसे पाहत होते. चेहरा पांढराफटक पडला होता. हात ओढून घ्यायला गेले तेव्हा तो थडथड कापू लागला, फळीवर वाजू लागला, आणि काही केल्या थांबेना. वर्षभर खिशात लपवलेला कंपवात साऱ्यांसमोर उघड्यावर आला. पण कंपवात मोजून तीनदा वाजतो का, आणि मग थांबतो का, हे तेव्हाही कुणी विचारलं नाही, नंतरही नाही.

आबाजीनं मांडीवरचा हात उचलला आणि अलगद त्या कापणाऱ्या हातावर ठेवला. कंप थांबला. "बाई," आबाजी म्हणाला, "यांचं बी आता मीच देतो."

जाताना अण्णासाहेबांनी किल्लीचं नाव काढलं नाही. बाहेरच्या माणसांनी त्यांना काय झालं म्हणून विचारलं, तेव्हा ते इतकंच म्हणाले की टकटक माझी होती. पुढच्या रविवारी ते पुन्हा आले, त्याच जागेवर बसले, आणि एकोणऐंशी साली जाईपर्यंत येत राहिले. शेवटी शेवटी त्यांना बोलताही येत नव्हतं.

त्यानंतर ती जागा कुणाला दिली नाही. एक्क्याऐंशीत बाईंची दृष्टी अधू झाली, तेव्हा हजेरी शहाजादी घेऊ लागली. आबाजीचे केस पिकले होते. त्याला कुणी साखळी घातली नाही. हजेरीच्या वेळी तो दोन्ही पंजे फळीवर पसरून ठेवायचा, आपण होऊन, सगळ्यांना दिसतील असे. मोकळ्या जागेची टकटक तरीही यायची. बाई मागं जाऊन उभ्या राहात, पण फळीखाली वाकून त्यांनी कधी पाहिलं नाही.

त्या वर्षी भोसरीहून एक नवी मुलगी आली, कुबडीवर चालणारी. मोकळी जागा पाहून ती तिथं बसायला गेली. शहाजादीनं कुबडीचा आवाज ऐकला आणि हात पुढं करून तिला हळूच अडवलं.

"पलीकडे बस, बाळ," ती म्हणाली. "इथं दोघं बसतात."