साखळीवरून उतरलेलं पाणी

माझं माहेर मोर्शीकडचं. तिकडे विहिरींना पाणी गोड, आणि पाणी गोड असणं ही मुद्दाम सांगण्यासारखी गोष्ट असते, हे लग्न होईपर्यंत मला ठाऊकच नव्हतं. सासर अकोल्याच्या उत्तरेला, पूर्णेच्या अंगाचं एक गाव. जमीन काळीभोर, पण तिच्या पोटातलं पाणी खारं. सासरी आल्यावर पहिल्यांदा तुरीची डाळ चुलीवर चढवली, ती दुपार कलली तरी दाणा अन् दाणा वेगळा. मी रडकुंडीला आले.

सासरे ओसरीवरून म्हणाले, "काहून रडतं वं? डाळीचा दोष नाई, तुयाबी नाई. आमच्या इथी लोक डाळ खात नाईत, चावतात."

मी त्यांना मामाजी म्हणायचे. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेल्या होत्या. घरात आम्ही तिघंच, आणि त्यातही माझे यजमान बहुतेक वेळ अमरावतीला. समुद्रापलीकडे कुठंतरी लढाई लागली होती म्हणे, आणि तिच्यामुळे आमच्या वऱ्हाडच्या कापसाला कधी नव्हता एवढा भाव आला होता. अमरावतीच्या बाजारात कापूस तोलायला माणसं पुरत नव्हती. यजमान तिथं काट्यावर उभे राहत. पाऊस लागला की काळ्या मातीतले रस्ते बंद होत, मग चार महिने ते तिकडेच गुदामांवर राहत. शेत, बैल आणि मामाजी माझ्याकडे.

पिण्यापुरतं पाणी आम्ही नदीच्या वाळूत झिरे खणून आणायचो. झिऱ्याचं पाणी गोड. पण पावसाळ्यात पूर्णा गढूळ होऊन दुथडी वाहायची, झिरे बुडायचे, आणि मग सगळं गाव विहिरीचं खारं पाणी प्यायचं. डोक्यावर पाऊस कोसळत असायचा आणि आम्ही मिठाचं पाणी प्यायचो. त्यात कुणाला काही नवल वाटत नसे.

लग्नानंतरच्या तिसऱ्या श्रावणात मामाजी आजारी पडले. एका सकाळी गोठ्यातून परत येताना पोटाला हात लावून खालीच बसले. चेहरा घामानं भिजलेला, ओठ पांढरे. मी धरून आत आणलं तर गुडघे पोटाशी घेऊन कण्हत राहिले. कण्हण्याचा आवाज त्या माणसाच्या तोंडून मी त्याआधी ऐकला नव्हता. पातूरचे एक वैद्य नातेवाइकांकडे आले होते आणि पुरामुळे गावातच अडकले होते. त्यांना बोलावलं. मुतखडा, ते म्हणाले. काढा लिहून दिला आणि वर सांगितलं, "खारं पाणी एक थेंब द्यायचं नाही. गोडं पाणी पाजा. पिववेल तितकं पाजा."

"गोडं पाणी आणू कुठून?" मी विचारलं.

त्यांनी काठीनं छपराकडे दाखवलं. "एवढं पडतंय की."

मी त्याच दुपारी कामाला लागले. आमच्या गावात कुणाच्याच घराला पन्हळ नव्हती. कवेलूंवरचं, म्हणजे कौलांवरचं, पाणी पागोळ्यांनी जिथं पडेल तिथं पडायचं. आमच्या घराची दोन छपरं अंगणाच्या कोपऱ्यात एकमेकांना मिळत, तिथं मात्र सगळं पाणी गोळा होऊन मनगटाएवढी धार लागे. त्या धारेखाली मी घागर ठेवली. जरा वेळानं घागर फुटली. मग तांब्याचं गंगाळ ठेवलं, ते फुटलं नाही, पण धार वरून अशी आदळे की अर्धं पाणी बाहेर उडे आणि अंगणातला चिखल उडून आत पडे. वाऱ्याचा झोत आला की धार गंगाळ सोडून हातभर लांब जाई. संध्याकाळपर्यंत राब राब राबून मला दोन तांबे पाणी मिळालं, तेही गढूळ.

दुसऱ्या दिवशी गोठ्यात चिखल झाला म्हणून बैलाची साखळी मी त्याच कोपऱ्यातल्या वाशाला अडकवून ठेवली होती. पाऊस आला. मी दारातून पाहत होते. धारेचं पाणी साखळीला लागलं आणि कडीकडीनं खाली उतरू लागलं. आवाज नाही, उसळी नाही. तेल उतरावं तसं. साखळी दोन हातांचीच होती, ती संपली तिथून पाणी पुन्हा उडत होतं. पण तेवढ्या दोन हातांत मला काय हवं ते कळलं.

अकोल्याच्या रस्त्यावर, गावापासून अर्ध्या कोसावर, कापसाच्या गाड्या थांबत तिथं एका लोहारानं भाता मांडला होता. लोहार आणि त्याची बायको, दोघंच. तो सांडशीनं तापलं लोखंड धरी, ती घण घाली. मी गुडघाभर चिखल तुडवत गेले आणि छपराच्या पाण्यासाठी सहा हात साखळी पाहिजे म्हणून सांगितलं.

लोहारानं मान वर केली नाही. "अवं बाई, मी हंगामाच्या गाड्यांच्या चाकांले लोखंडी धावा चढवून राहिलो. दिवाळीपर्यंत मले श्वास घ्याले येळ नाई. अन् पावसाले साखळी? बैल हाय का तो, बांधून ठेवाले?"

त्याची बायको हसली. उंच, हाडापेरानं मजबूत बाई होती. घण खाली टेकवून तिनं विचारलं, "कोणाले बरं नाई?"

मी सांगितलं. हसणं थांबलं तिचं. "पाणी किती उंचावरून पडते?"

"सहा हात."

"वारा कोण्या अंगानं येते?"

हा प्रश्न मला कुणी विचारेल असं वाटलं नव्हतं. मी सांगितलं. तिनं नवऱ्याकडे न बघताच म्हटलं, "लोखंड घेऊन ये. आमच्यापाशी एक तुकडाबी नाई, समदं चाकाले चाललं. तू आणशीन तर मी करून देतो. हे जेवाले बसतात तवा भाता रिकामाच असते."

मी घरभर शोधलं. मोडका विळा, झिजलेली वखराची पास, जुन्या दाराची बिजागरी, आणि ती बैलाची साखळी. मामाजी खाटेवरून बघत होते. "साखळदंड लावतं का दारात? तुरुंग हाय का हा?"

"तुमच्यासाठीच करून राहिली, मामाजी."

"मी खाऱ्या पाण्यावर म्हातारा झालो," ते म्हणाले आणि कूस बदलून पडले. पण नको म्हणाले नाहीत. आमच्या भागात सुनेनं घरातलं लोखंड उचलून लोहाराकडे नेणं ही लहान गोष्ट नव्हती. त्यांनी अडवलं नाही, हाच त्यांचा होकार होता, हे मला पुष्कळ नंतर समजलं.

चार दिवसांनी साखळी झाली. मी शिडी लावून ती वाशाच्या खिळ्यात अडकवली आणि त्याच दिवशी सगळं फसलं. बाईनं लोखंड पुरावं म्हणून कड्या लांब केल्या होत्या. पाणी वरच्या दोन कड्यांपर्यंत नीट येई आणि तिसऱ्या कडीवरून उडी मारून बाहेर पडे. त्यात वारा सुटला. साखळी झोके घेऊ लागली आणि तिनं कडेची दोन कवेलू फोडली. घरात गळायला लागलं. मी मामाजींची खाट ओढून दुसऱ्या बाजूला नेली. त्या दिवशी त्यांना दुखण्याची दुसरी कळ आली होती. मला स्वतःचाच राग आला, आणि खरं सांगायचं तर त्या बाईचाही.

मी निरोप पाठवला नव्हता. तरी दुसऱ्या दिवशी भर पावसात ती आली. डोक्यावर घोंगडं, हातात लहान हातोडा. आत आली नाही. अंगणात उभी राहून साखळीकडे बघत राहिली. भाकरी भाजून होईपर्यंत ती तशीच उभी होती.

"मावशी, आत तरी या," मी म्हटलं.

"थांब वं. पाणी काय करून राहिलं ते पायतो."

मग ती शिडीवर चढली, साखळी काढली आणि ओसरीच्या कडेला, दगडावर, एकेक कडी वाकवून आखूड करू लागली. "कड्या लांब झाल्या माह्या. पाण्याले उडी माराले जागा भेटली. माह्यीच चूक." असं ती दोनदा म्हणाली. मी समोर बसून कड्या धरत होते. आखूड केल्यावर साखळी कडीभर कमी पडली, तेव्हा तिनं कमरेला खोचलेली स्वतःची कडी काढली. भात्याच्या दोरीची होती ती. ती शेवटी जोडली. मग मी खाली आणून ठेवलेल्या रांजणाच्या तोंडावर आडवं लाकूड बसवून साखळीचं टोक त्याला पक्कं अडकवलं, म्हणजे वाऱ्यानं ती हलणार नाही. रांजणाच्या तोंडाला मी धुतलेलं फडकं बांधलं.

पहिल्या दोन सरींचं पाणी आम्ही ओतून दिलं, कवेलूंवरची घाण उतरावी म्हणून. तिसरी सर आली तेव्हा रांजण गळ्यापर्यंत भरला. आवाज आला तो फक्त आत पाणी चढत असल्याचा.

मी पहिला तांब्या मामाजींना नेऊन दिला. त्यांनी एक घोट घेतला, तोंडात घोळवला आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"याले तर काईच चव नाई!"

लोहारीण दारात उभी होती, ती मोठ्यानं हसली. मलाही हसू आवरेना. शेवटी मामाजीही हसले आणि पोट धरून "हसवू नका बापा, दुखते" म्हणाले. पण तांब्या रिकामा केला.

नवव्या दिवशी खडा पडला. त्या रात्री ते सकाळपर्यंत झोपले. पुढच्या आठवड्यात मी रांजणातल्या पाण्यात डाळ शिजत घातली. ती मऊ झाली, घोटली गेली, वरण झालं. मामाजी तीनदा मागून जेवले. ताटाला नमस्कार केला आणि मग, माझ्याकडे न बघता, मलाही हात जोडले. मला इतका संकोच वाटला की मी उठून आत गेले.

दिवाळीला यजमान अमरावतीहून आले. वडिलांना गोठ्यात चालताना पाहून दारातच उभे राहिले. मी पत्रानं काही कळवलं नव्हतं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, कोपऱ्यातली साखळी हातानं चाचपली आणि म्हणाले, "तिकडे मी एवढा कापूस तोलला, पण ह्या कामाची मले काई खबर नाई."

पुढच्या पावसाळ्याआधी गावातल्या सात घरांनी साखळ्या मागितल्या. मावशीला सगळीकडे येणं शक्य नव्हतं, म्हणून तिनं मला कडी उघडायला, वाकवायला आणि मिटवायला शिकवलं. माझ्या अंगठ्याचं नख दोनदा काळं झालं. ती म्हणायची, "चूक झाली तरी चालते. पाणी दाखवते कुठी चुकलं ते."

मग कापसाचा भाव उतरला. ती लढाई संपली होती म्हणे. रस्त्यावरच्या गाड्या कमी झाल्या, धावा चढवायला कुणी येईना. एका सकाळी मी भात्याकडे गेले तर लोहार ऐरण गाडीत चढवत होता. ती दोघं नांदगावपेठेकडे निघाली होती. मी तिच्या पाया पडले. वयानं ती मोठी होती, आणि माझ्यासाठी आणखी पुष्कळ काही होती. ती गडबडली, मला उठवलं, म्हणाली, "अवं, चिखल लागते लुगड्याले." गाडी वळणापलीकडे जाईपर्यंत मी उभी होते. पुन्हा भेट झाली नाही.

ती गेल्यावर गावातल्या साखळ्यांचं काम माझ्याकडे आलं. पहिलंच घर पाटलांच्या शेजारचं, छप्पर उंच. मी पदर खोचून शिडी चढत होते आणि खाली माणसं जमली होती. कुणीतरी म्हणालं, "सून छपरावर अन् सासरा खाली उभा! काय दिवस आले."

मामाजींनी शिडी दोन्ही हातांनी धरली होती. त्यांनी त्या माणसाकडे वळूनही पाहिलं नाही.

"शिडी धरून राहिलो मी," ते म्हणाले. "तुले काम नसंल तर तूबी धर."

तो माणूस क्षणभर घुटमळला, मग पुढे आला आणि त्यानं दुसरी बाजू धरली. मी वरच्या पायरीवर पाय ठेवला. शिडी जराही हलली नाही.